दुपारची शिवण : महाराष्ट्रातील घरगुती शिवणकामाचा इतिहास

महाराष्ट्रातील वस्त्रांचा इतिहास बहुधा विणकराच्या मागापाशी सुरू होतो आणि पैठणी, इरकली, नारायणपेठी अशा नामांकित लुगड्यांच्या वाटेने मुंबईच्या गिरण्यांपाशी येऊन थांबतो. मागावरून उतरलेले कापड घरात आल्यावर ते कोणी बेतले, कोणी शिवले, विरल्यावर कोणी सांधले आणि अगदीच जीर्ण झाल्यावर त्याची गोधडी किंवा पिशवी कोणी केली, हा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच उपस्थित होतो. कारण हे काम घरातल्या स्त्रियांनी, मोबदल्याविना, दुपारच्या उरल्यासुरल्या वेळात केले आणि त्याची नोंद ना सरकारी दप्तरांत झाली ना घरच्या जमाखर्चात. तरीही या कामाला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो केवळ गरजेचा व काटकसरीचा इतिहास नाही. ज्या थोड्या कामांच्या निमित्ताने स्त्रियांना कोणाच्या परवानगीवाचून एकत्र बसता येई, त्यांत शिवण हे एक होते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या एकत्र बसण्याला शिक्षणाचे व संस्थांचे रूप येऊ लागले, तेव्हा हे जुने निमित्त फार उपयोगी पडले. घरगुती शिवणीचा आनंद कशात होता हे समजून घ्यायचे तर वस्तूइतकेच त्या बैठकीकडेही पाहावे लागते.

जुन्या मराठी पोशाखात शिवलेल्या कपड्यांना फारसे स्थान नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. स्त्रियांचे नऊवारी लुगडे, पुरुषांचे धोतर, उपरणे व पागोटे आणि धनगर-शेतकऱ्यांच्या खांद्यावरची घोंगडी ही सारी मागावरून उतरताच वापरण्याजोगी वस्त्रे होती. सोवळ्यात, म्हणजे पूजेच्या व स्वयंपाकाच्या वेळी पाळावयाच्या शुचितेच्या नियमांत, तर न शिवलेले वस्त्रच ग्राह्य मानले जाई. सुई चालत असे ती मोजक्या कपड्यांवर : चोळी, मुलींचे परकर-पोलके, पुरुषांची बंडी व पैरण, प्रतिष्ठितांचा अंगरखा, बंदांनी बांधावयाची बाराबंदी आणि तान्ह्या मुलांचे कपडे. यांपैकी अंगरख्यासारखे बेतण्यास अवघड प्रकार शिंप्याकडे जात. गावगाड्यात, म्हणजे शेतीच्या उत्पन्नातील वाट्यावर चालणाऱ्या जुन्या ग्रामव्यवस्थेत, शिंप्याची गणना अलुतेदारांत होई, म्हणजे सुतार-लोहारांसारख्या रोजच्या निकडीच्या बलुतेदारांच्या खालोखाल त्याचे स्थान असे. तेराव्या-चौदाव्या शतकातील संत नामदेव याच समाजातले, आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या ६१ पदांपैकी एका पदात गज, कातर, सुई आणि दोरा ही शिंप्याची साधने नामस्मरणाची रूपके होऊन आली आहेत. व्यवसायाची साधने इतक्या सहजपणे उपासनेची साधने व्हावीत, यामागे त्या कामाविषयीचा खोल आदर असला पाहिजे.

शिंप्याची शिवण आणि घरातली शिवण यांच्यातला भेद मात्र केवळ कौशल्याचा नव्हता. शिंपी कोऱ्या कापडाला कातर लावी आणि गजाने मोजी. घरातली स्त्री वापरलेल्या कापडाला हात घाली आणि वीत व बोटे यांनी मोजी. नऊवारी लुगड्याचा मधला भाग बसण्या-उठण्याने आधी विरतो आणि दोन्ही टोके बळकट राहतात, म्हणून विरलेला भाग कापून काढून उरलेले दोन तुकडे जोडण्याची रीत घरोघर होती; या जोडाला दंड घालणे म्हणत, आणि दंड घातलेले लुगडे नेसणे हे हलाखीचे नव्हे तर टुकीच्या संसाराचे लक्षण मानणारी घरे कमी नव्हती. एवढ्यासाठी लागणाऱ्या सुया आणि दाभण, म्हणजे जाड कापडासाठी व गोणपाटासाठी वापरायची मोठी सुई, बहुधा वैदू समाजातील स्त्रिया पोत, मणी आणि बिब्ब्यांबरोबर दारोदार फिरून विकत, आणि गावातल्या बायका धान्याच्या बदल्यात त्या घेत. शिवणकामाचा हा सगळा व्यवहार, साधने मिळवण्यापासून वस्तू वापरण्यापर्यंत, स्त्रियांच्याच हातून होत असे.

घरात शिवल्या जाणाऱ्या कपड्यांत चोळीचा मान पहिला होता. खण म्हणजे एका चोळीला पुरेल एवढा काठांसह विणलेला कापडाचा तुकडा, आणि उत्तर कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथील खण महाराष्ट्राच्या बाजारपेठांत घरोघर ओळखीचे होते. ओटी भरताना नारळाबरोबर खण देण्याची प्रथा असल्यामुळे प्रत्येक घरात न शिवलेले खण साठून राहत आणि ते शिवण्यासाठी निवांत दुपार शोधावी लागे. जुन्या धर्तीच्या चोळीला बटणे नसत. ती समोर गाठ मारून बांधली जाई आणि बाह्या दंडाला घट्ट बसत. खणाचे काठ बाह्यांच्या कडेला आणि छातीखालच्या पट्टीला यावेत, पाठीचा भाग आडवा ताणला तरी उसवू नये आणि चिंधीही वाया जाऊ नये, एवढ्या अटी सांभाळून तो चौकोनी तुकडा कापायचा असल्याने ही कला सासू-सुनांच्या आणि नणंदा-भावजयांच्या सहवासातच पुढे सरके. कागदावरचा बेत, म्हणजे कपडा कापण्यापूर्वी काढलेला आराखडा, तेव्हा प्रचारात नव्हता. तान्ह्या मुलांचे झबले, टोपडे आणि दुपटे हे जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरा-लुगड्यांचे शिवले जात, कारण कोरे कापड बाळाच्या कातडीला बोचते. बारशाला घालायची कुंची, म्हणजे डोके व पाठ एकत्र झाकणारे आणि हनुवटीखाली बांधायचे वस्त्र, तेवढी खणाची किंवा जरीकाठाची असे. आजोळच्या आणि घरच्या अनेक स्त्रियांचे हात लागलेली कुंची पुढच्या बाळासाठी जपून ठेवली जाई, आणि त्यामुळे कित्येक घरांत तीच सर्वांत दीर्घायुषी शिवलेली वस्तू ठरली.

पिशव्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण कपड्यांच्या ठेवणीवर जात, वय व वैवाहिक स्थिती यांचे कडक नियम होते, तसे पिशव्यांवर नव्हते, आणि म्हणून शिवणाऱ्या स्त्रीची स्वतःची आवड पिशव्यांतच अधिक मोकळेपणाने उतरली. तोंडाशी दोन्ही बाजूंनी नाड्या ओढून बंद होणारा बटवा, पैसे ठेवून कमरेला बांधायचा लांबट व अरुंद कसा, खांद्यावर टाकली की एक पोकळी पुढे आणि एक मागे येणारी प्रवासाची पडशी, जपमाळ ओढताना हात झाकण्यासाठी शिवलेली गोमुखी आणि पोथी बांधून ठेवायचे बासन या साऱ्या वस्तू घरच्या तुकड्यांतून होत. त्यांत चंची ही विशेष रचनेची पिशवी होती : उलगडली की ती लांब पट्टीसारखी पसरे आणि तीत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी व तंबाखू यांसाठी एकाखाली एक कप्पे असत, आणि गुंडाळून दोरीने बांधली की ती मुठीत मावे. अशा एका चंचीत पाच-सहा कपड्यांचे अवशेष सहज सामावत आणि त्यांची रंगसंगती जुळवणे हा शिवणारणीच्या कसोटीचा व अभिमानाचा विषय असे. मराठवाडा व विदर्भातील बंजारा तांड्यांत तर पिशवी हेच भरतकामाचे मुख्य क्षेत्र होते. कवड्या, आरसे आणि रंगीत दोरे यांनी भरलेल्या त्यांच्या पिशव्या आज संग्रहालयांत ठेवल्या जातात, पण त्या तयार झाल्या त्या मुक्कामावरच्या रिकाम्या वेळात आणि आई-मुलींच्या सोबतीने.

या सर्व परंपरेचा परमोच्च बिंदू गोधडी हा आहे. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर, सांगली व सातारा या भागांत, तिला वाकळ म्हणतात. सुगी संपल्यावर आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी, म्हणजे शेतीची कामे कमी आणि ऊन भरपूर असताना, ती घालण्याचा हंगाम येई. सारवलेल्या ओसरीवर किंवा अंगणातल्या सावलीत एक धड लुगडे ताणून अंथरले जाई. त्यावर धोतरांचे, जुन्या चोळ्यांचे, पोरांच्या फाटक्या सदऱ्यांचे तुकडे उसवून, सपाट करून, पातळ जागी दोन व जाड जागी एक अशा हिशेबाने पसरले जात. वर दुसरे लुगडे येई आणि कडा लांब टाक्यांनी तात्पुरत्या धरल्या जात. त्यानंतर धावदोरा, म्हणजे सुई कापडात खाली-वर करीत सरळ पुढे नेणारा साधा टाका, काठाकडून मध्याकडे ओळीमागून ओळ घातला जाई. शिवणारी स्त्री गोधडीवरच बसे, म्हणून तिच्या वजनाने थर सरकत नसत. आणि काम मोठे असल्याने दोघी किंवा चौघी वेगवेगळ्या बाजूंनी सुरुवात करीत व मध्याकडे एकमेकींना भेटत.

या भेटण्यातच या कामाचे मर्म आहे. एकीने दोरा जास्त ओढला तर कापडाला चुण्या पडतात, दुसरीने सैल सोडला तर थर फुगतात, आणि दोघींच्या ओळींतले अंतर वेगळे असेल तर मध्यावर ओळी जुळत नाहीत. म्हणून चार जणींची गोधडी चांगली व्हायची तर चौघींचे हात एका लयीला यावे लागत, आणि हे बोलून शिकवता येण्यासारखे नसल्याने नव्या सुनेला जाणत्या बाईच्या शेजारी बसवले जाई. मुरलेल्या बायका नुसत्या टाक्यावरून ओळखत, की गोधडीची कोणती बाजू कोणाच्या हातची आहे. गोधडी घालायला शेजारणींना बोलावण्याची आणि पुढे त्यांच्या गोधडीला आपण जाण्याची जी प्रथा होती, ती शेतीतल्या सावडीसारखी, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात श्रम देण्यासारखी, परतफेडीच्या तत्त्वावर चाले, परंतु तिच्यात सावडीतला हिशेब क्वचितच पाहिला जाई, कारण त्या बैठकीची ओढ कामाइतकीच होती.

दळणाच्या कामाशी तुलना केली तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. जाते पहाटे ओढले जाई, बहुधा एकटीने किंवा दुकटीने, आणि त्याच्या घरघरीत संभाषण शक्य नसल्यामुळे तेथे ओवी जन्माला आली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला, तेव्हा मराठी स्त्रीच्या मनाचे एक अफाट दालन अभ्यासकांना खुले झाले. सुई मात्र आवाज करीत नाही. शिवणीच्या बैठकीत गाण्याची गरज नव्हती, तेथे बोलणे होते : माहेरच्या खबरा, दुखण्यांवरचे उपाय, लग्नाच्या सोयरिकी, घरातले सल. गाणे पाठ होते आणि टिकते, बोलणे विरून जाते. यामुळेच जात्याचा वारसा आज ग्रंथबद्ध आहे आणि शिवणीच्या दुपारींचा वारसा केवळ कापडात उरला आहे. पण त्या कापडाचीही एक भाषा आहे. जुन्या गोधडीचे थर सुटू लागले की आत हातमागाचे जाडेभरडे धोतर, त्यावर गिरणीचे तलम पातळ आणि वर अलीकडचे नायलॉन किंवा पॉलिएस्टर असे घराच्या कपड्यांचे तीन-चार कालखंड एकावर एक सापडतात, कारण फाटलेली गोधडी टाकून न देता तिच्यावर नवे आवरण चढवून ती पुन्हा शिवली जाई.

या परंपरेची दक्षिणेकडची एक शाखा उल्लेखनीय आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ व यल्लापूर परिसरातील सिद्दी लोक आफ्रिकी वंशाचे असून त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम होते. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात, आणि तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या रंगीत त्रिकोणी तुकड्यांचे ‘फुला’ लावल्यावाचून ती पूर्ण झाली असे मानत नाहीत. कामाची रीत काठाकडून मध्याकडे जाणारीच आहे, परंतु तुकडे आत न दडवता ते वरच्या बाजूस मांडण्याची त्यांची दृष्टी वेगळी आहे, आणि चिंधीतून किती धीट रचना साधता येते याचे त्याहून चांगले उदाहरण या प्रदेशात दाखवता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात शिवणीला शाळेत प्रवेश मिळाला, आणि तेथे तिचा अर्थ बदलला. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी दीर्घकाळ मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या अशा शाळांत वाचन-लेखनाबरोबर शिवण व भरतकाम शिकवले जाई, आणि सरकारी मुलींच्या शाळांतही पुढे हा विषय रूढ झाला. मुलींना घरी येणारेच काम शाळेत शिकवले जाते हे पाहून पालकांचा विरोध काहीसा मावळत असे. परंतु पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, सुरू झाल्यावर जो वाद पेटला त्यात शिवणीचा वापर अगदी उलट दिशेने झाला : ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी मुलींना इंग्रजी व उच्च शिक्षण देण्याला विरोध करताना गृहकृत्ये व शिवण यांवर भर देणारा अभ्यासक्रम पुरस्कारला. सुई हे मुलींच्या शिक्षणाची मर्यादा ठरवण्याचे साधन झाले, आणि शिवणीकडे सुशिक्षित स्त्रियांनी पुढे काही काळ संशयाने पाहिले असल्यास त्याचे मूळ या वादात शोधले पाहिजे.

रमाबाई रानडे यांचे श्रेय असे, की त्यांनी या वादात न अडकता शिवणीलाच स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभबिंदू केले. न्यायमूर्ती रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयात नियुक्त झाल्यावर हे दांपत्य मुंबईला आले, आणि तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबच्या द्वारे भाषा व सामान्यज्ञानाबरोबर शिवण-भरतकामाचे वर्ग चालवले. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनातही शिवण व हस्तव्यवसाय हे प्रारंभापासूनचे अंग होते. व्याख्यान ऐकायला जाण्यास ज्या घरांतून परवानगी मिळाली नसती, त्या घरांतल्या स्त्रिया शिवण शिकायला जाऊ शकत होत्या, आणि एकदा वर्गात आल्यावर वाचन, वृत्तपत्रे, प्रथमोपचार व सभेत बोलणे हे सारे त्यांच्यासमोर खुले होई. दुपारच्या ओसरीवरची बैठकच येथे संस्थेच्या दिवाणखान्यात आली, एवढा फरक पडला की आता ती जातीच्या व आळीच्या मर्यादेबाहेर जाऊ लागली.

विधवांच्या बाबतीत या बदलाचे मोल फारच मोठे होते. केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला लाल आलवण नेसावे लागे आणि चोळी वर्ज्य मानली जाई. शिवलेल्या वस्त्राचा हक्क नाकारला जाणे हा त्या स्त्रियांच्या नित्याच्या अपमानाचा भाग होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, आणि तेथे विणकाम, छपाई व शिवण यांसारखे व्यवसाय शिकवून शेकडो निराधार स्त्रियांना स्वतःच्या हातांवर उभे केले; धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाने हेच ध्येय वेगळ्या मार्गाने पुढे नेले. ज्या समाजाने तरुण विधवेच्या अंगावरची चोळी काढून घेतली होती, त्याच समाजात तिने कपडे शिवून मिळकत करावी आणि चार जणींत बसून हसावे-बोलावे, हे परिवर्तन महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात आजवर मिळाले त्याहून अधिक लक्ष मिळण्यास पात्र आहे.

याच काळात शिवणयंत्र आले. अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये एकस्व मिळवलेल्या यंत्रांचे तत्त्व असे, की नेढे सुईच्या टोकाजवळ असते, वरून एक दोरा आणि खालून बॉबिनमधला, म्हणजे छोट्या रिळातला, दुसरा दोरा येतो आणि कापडाच्या मध्यावर दोन्हींची गाठ बसते. हाताने घातलेल्या धावदोऱ्यात एकच दोरा असतो, म्हणून तो तुटला की ओळ उसवते, यंत्राच्या टाक्यात तसे सहसा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगर कंपनीने भारतात विक्री सुरू केली आणि तिचा येथील कारभार दीर्घकाळ एका पारशी व्यवस्थापकाच्या हाती होता. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे १८८५ मध्ये सुरू झालेल्या तिच्या कारखान्यातून यंत्रे येत, आणि हप्त्यांनी पैसे फेडण्याची सोय असल्याने ती सावकाशीने शिंप्यांच्या व मध्यमवर्गीयांच्या घरांत पोहोचली. पायाने चालवायच्या यंत्रापेक्षा हाताने चाक फिरवायचे यंत्र घरांत अधिक मानवले, कारण ते पाटावर ठेवून मांडी घालून चालवता येई आणि शिवणीची जमिनीवरची बैठक मोडत नसे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये झालेल्या एका संवादात सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला होता, आणि त्यामागे एका माणसाने आपल्या पत्नीचे कष्ट हलके करण्यासाठी ते बनवले ही त्यांची समजूत होती. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेत कोयता व विळ्याबरोबर शिवणयंत्रालाही झेंडूची माळ पडू लागली, यावरून घराने त्याला किती लवकर आपले मानले हे दिसते.

यंत्राने एकत्र शिवणे संपवले, असे मानण्याचा मोह होतो, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. वाड्यात किंवा चाळीत यंत्र बहुधा एकाच बिऱ्हाडाकडे असे, म्हणून दुपारी इतर बिऱ्हाडांतल्या स्त्रिया कापड घेऊन तेथेच जमत, आणि काम वाटले जाई : एक टीप मारी, दुसरी काजे करी, तिसरी हेम घाली, म्हणजे कापडाची कड आत मुडपून बारीक हातशिलाईने पक्की करी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात नऊवारी लुगड्याच्या जागी गोल पातळ, म्हणजे पाच-सहावारी साडी, रूढ झाली आणि तिला आत परकर व वर बेताचे ब्लाउज आवश्यक ठरले, त्यामुळे घरच्या शिवणीचा पसारा एकदम वाढला. शिवणवर्गांची भरभराट याच बदलातून झाली. झारापकरांसारख्या शिक्षकांनी मापांवरून कागदावर बेत काढण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली, आणि जे ज्ञान सासूच्या शेजारी बसून मिळत असे ते आता वहीत उतरवता येऊ लागले. वहीच्या पानांवर चिकटवलेले काजे, पट्ट्या, चुण्या व खिशांचे छोटे नमुने ही त्या पिढीच्या मुलींची खरी पदविका होती. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई होऊन १९४३ पासून नियंत्रणे आली, तेव्हा वडिलांच्या कोटाचे मुलाचे जाकीट आणि आईच्या पातळाचे मुलीचे पोलके करण्याची विद्या शहरांतही पुन्हा मोलाची ठरली. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात सुरू केलेले उषा यंत्र स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी गेले आणि कित्येक लग्नांत ते रुखवताच्या, म्हणजे वधूकडील भेटवस्तूंच्या व हस्तकलांच्या मांडणीच्या, शेजारी दिसू लागले.

या साऱ्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे अन्यायाचे होईल. जेथे शिवण डझनाच्या दराने आणि दलालाच्या मुदतीने होऊ लागली, तेथे ती बैठक राहिली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक स्त्रियांनी खोलीतल्या यंत्रावर तुकड्याच्या मजुरीने काम करून घरे तगवली. डोळे व पाठ झिजवणाऱ्या त्या कामाला आनंदाच्या इतिहासात गोवता येणार नाही, मात्र ते करण्याचे कौशल्य त्यांना घरातल्याच शिवणीने दिले होते.

स्वस्त तयार कपड्यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस घरची शिवण आक्रसली. पॉलिएस्टर साड्या विरत नाहीत आणि सुईला घसरतात, म्हणून गोधडीसाठी त्या क्वचितच उपयोगी पडल्या आणि बहुधा बोहारणीच्या, म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या फिरत्या विक्रेतीच्या, टोपलीत गेल्या. पुढे महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा कापडी पिशवीला पुन्हा मागणी आली आणि ती पुरवण्यासाठी स्त्रियांचे बचत गट पुढे आले, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम जमवून आपसांत कर्ज देणाऱ्या ज्या छोट्या संघटना गावोगाव आहेत, त्यांतल्या अनेकींनी एकत्र बसून यंत्रे चालवली. गोधडीलाही शहरांत ग्राहक मिळाला आहे, पण त्यासाठी पुष्कळदा कोरे कापड विकत आणून त्याचे तुकडे केले जातात, आणि दिसायला सुंदर असलेल्या अशा गोधडीत घराच्या कपड्यांचा एकही थर नसतो. म्हणून जुन्या गोधड्या, वाकळी, कुंच्या आणि चंच्या जेथे अजून पेट्यांत आहेत तेथे जाऊन, कोणते कापड कोणाचे होते, कोणती बाजू कोणी घातली आणि त्या दुपारी आणखी कोण बसले होते, हे शिवणाऱ्या स्त्रियांच्याच तोंडून लिहून घेण्याचे काम ओव्यांच्या संकलनाइतक्याच निष्ठेने हाती घेतले गेले पाहिजे. ज्यांना हे सांगता येईल त्या स्त्रिया आज वार्धक्यात आहेत, आणि संग्रहालयाच्या चिठ्ठीवर नुसते ‘गोधडी, सुती, हातशिलाई’ एवढे लिहिले गेल्यावर हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारता येणार नाही.